संत जॉन हेन्री न्यूमन आणि तारणाची तारीख



आपल्या धर्मग्रामातील एक तरुण काही दिवसांपूर्वी मला भेटायला आला. ऑफिसात त्याच्या शेजारी बसणारा मित्र अलीकडे एका प्रार्थनागटात जाऊ लागला आहे. रोज डबा खाताना तो याला एकच प्रश्न विचारतो, की तुझे तारण झाले आहे का, आणि झाले असेल तर कोणत्या तारखेला. आपल्या पोराला तारीख सांगता येईना. स्नानसंस्काराची तारीख त्याच्या आईला ठाऊक, त्याला नाही. तो थोडा रागावला होता आणि खरे सांगायचे तर थोडा घाबरलाही होता. मी त्याला त्या दिवशी जे उत्तर दिले ते काही फार चांगले नव्हते. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला एक खोड असते. साधा प्रश्न आला की तो चार व्याख्या पुढे करतो. तो गेल्यावर वाटले, याला व्याख्या नको होत्या. ज्याला आपल्या तारणाची तारीख जवळजवळ सांगता येत होती आणि तरीही पुढे चौऱ्याहत्तर वर्षे ज्याने तो प्रश्न सोडला नाही, अशा एका माणसाची ओळख याला करून द्यायला हवी होती. म्हणून आजचे हे पान संत जॉन हेन्री न्यूमन यांच्यासाठी.

न्यूमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडनमध्ये झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील बँकेच्या व्यवसायात होते. घर अँग्लिकन, बायबलवाचन नियमित, पण धर्माचा फार उमाळा नाही. नेपोलियनची युद्धे संपल्यावर इंग्लंडमध्ये मंदी आली आणि मार्च १८१६ मध्ये वडिलांच्या बँकेला टाळे लागले. मोठे घर गेले, प्रतिष्ठा गेली. पंधरा वर्षांचा जॉन त्या उन्हाळ्याच्या सुटीत शाळेतच राहिला आणि तिथे आजारी पडला. वॉल्टर मेयर्स नावाचे एक शिक्षक होते, तेही अँग्लिकन पाळक, पण कॅल्व्हिनच्या शिकवणुकीत मुरलेले. त्यांनी या मुलाला पुस्तके दिली, त्याच्याशी बोलत बसले. ऑगस्ट ते डिसेंबर १८१६ या महिन्यांत त्या मुलाच्या आत काहीतरी कायमचे बदलले. देव आहे आणि मी आहे, या दोन गोष्टी त्याला आपल्या हातापायांपेक्षाही खऱ्या वाटू लागल्या.

त्या पुस्तकांतून त्याने आणखी एक गोष्ट उचलली. देवाने अनादिकाळापासून काही माणसे निवडलेली आहेत, आणि ज्याची निवड झाली तो शेवटपर्यंत कधीही हरवू शकत नाही, अशी ती शिकवण. आपलीही निवड झाली आहे याची मुलाला खात्री वाटली. आजच्या त्या प्रार्थनागटात न्यूमन गेले असते, तर त्यांना पहिल्या बाकावर बसवले असते! ही दुसरी खात्री मात्र एकविशीपर्यंत हळूहळू विरून गेली. पहिली गोष्ट कधीच गेली नाही. म्हातारपणीही ते १८१६ च्या त्या महिन्यांकडे मान लववूनच पाहत.

ऑक्सफर्डला ट्रिनिटी कॉलेजात शिकताना त्यांनी इतका अभ्यास केला की परीक्षेच्या वेळी डोके चालेना, आणि निकाल अगदीच साधा लागला. (आपल्या दहावी-बारावीच्या मुलांच्या आईवडिलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) तरीही १८२२ मध्ये ओरियल कॉलेजने त्यांना फेलो म्हणून निवडले आणि १८२४ मध्ये त्यांना अँग्लिकन धर्मसेवेची दीक्षा मिळाली. त्यांच्याकडे सेंट क्लेमेंट्स हे पुलापलीकडच्या गरीब वस्तीचे धर्मग्राम आले.

इथे मला थोडे थांबायचे आहे. न्यूमन यांचे विचार ग्रंथांमुळे बदलले असे आपण समजतो, आणि ते खरेही आहे. पण पहिला मोठा बदल घरभेटींनी घडवला. तेवीस वर्षांचा हा तरुण घरोघर फिरला. त्याच्या डोक्यात माणसांचे दोन गट होते, तारण झालेले आणि न झालेले. प्रत्यक्षात भेटली ती दारू पिणारी पण आजारी शेजाऱ्याला रात्रभर सोबत करणारी माणसे, वर्षानुवर्षे चर्चमध्ये न आलेली पण मरताना प्रार्थना मागणारी माणसे, आणि अत्यंत धार्मिक पण कोरडी माणसे. यांना दोन टोपल्यांत कसे टाकायचे? त्याच सुमारास एडवर्ड हॉकिन्स या वडीलधाऱ्या सहकाऱ्याने त्यांचे पहिले प्रवचन वाचून हाच दोष दाखवला होता. संत पौल आपल्या मंडळ्यांना पत्रे लिहितो तेव्हा चुका करणाऱ्या, भांडणाऱ्या सगळ्यांनाच पवित्र जन म्हणतो, तो असे दोन गट पाडत नाही, हे न्यूमन यांच्या ध्यानात आले. देवाची कृपा स्नानसंस्कारातून खरोखर मिळते आणि मग आयुष्यभर वाढते, खुंटते, पुन्हा पालवते, हे ते इथे शिकले. त्यांनी आपल्या टिपणवहीत नमूद करून ठेवले आहे की जी माणसे प्रत्यक्ष दिसतात त्यांचा उलगडा कॅल्व्हिनच्या शिकवणुकीने होत नाही. मीही वीसेक वर्षे घरभेटी करतो आहे. या बाबतीत त्यांचे निरीक्षण बरोबर आहे असे मी नम्रपणे सांगू शकतो.

घरात मात्र वेगळेच चालले होते. १८२४ मध्येच वडील वारले. धाकटा भाऊ चार्ल्स रॉबर्ट ओवेनच्या समाजवादाकडे वळला आणि त्याने ख्रिस्ती श्रद्धाच सोडली. दुसरा भाऊ फ्रान्सिस उलट्या टोकाला गेला. बायबलशिवाय दुसरे काही न मानणाऱ्या मिशनऱ्यांबरोबर तो १८३० मध्ये बगदादकडे निघाला, परत आला, आणि पुढे त्याने ख्रिस्ताचे देवत्वही नाकारले. एकाच आईच्या मांडीवर प्रार्थना शिकलेले तीन भाऊ आणि तीन वाटा! लाडकी धाकटी बहीण मेरी ५ जानेवारी १८२८ रोजी एका दिवसाच्या आजाराने गेली. ती एकोणीस वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर घोड्यावरून फिरताना प्रत्येक झाडात आणि टेकडीत ती दिसते असे न्यूमन यांनी घरी कळवले होते. मेलेले आपल्यापासून दूर नाहीत, मध्ये फक्त एक पडदा आहे, ही त्यांची पुढची सगळी शिकवण या दुःखातून आली असे मला वाटते.

१८३३ मध्ये सिसिली बेटावर एकटेच प्रवास करताना त्यांना तापाने गाठले. जेन्नारो नावाच्या नोकराने शुश्रूषा केली. आपण मरणार नाही, इंग्लंडमध्ये आपल्यासाठी देवाने काही काम ठेवले आहे, असे ते तापातही म्हणत राहिले. परतीच्या वाटेवर संत्री वाहून नेणाऱ्या जहाजात, वारा पडून जहाज समुद्रात अडकलेले असताना, त्यांनी एक प्रार्थनागीत रचले. त्याला त्यांनी मेघस्तंभ असे नाव दिले होते. जगाला ते 'लीड काइंडली लाइट' म्हणून माहीत आहे. महात्मा गांधींचे ते अत्यंत आवडते भजन. नरसिंहराव दिवेटिया यांनी त्याचे गुजराती रूपांतर केले आणि गांधीजींच्या प्रार्थनासभांतून ते देशभर पोहोचले. आपल्यापैकी अनेकांनी न्यूमन हे नाव ऐकण्याआधी त्यांचे शब्द ऐकलेले असतात ते असे.

इंग्लंडला पोहोचताच जॉन केबल, एडवर्ड प्यूसी आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी ऑक्सफर्ड चळवळ उभी केली. अँग्लिकन मंडळी ही सरकारी खाते नसून प्रेषितांपासून आलेली ख्रिस्तसभा आहे, हे लोकांना सांगायचे होते. त्या धामधुमीत, १८३८ मध्ये, त्यांनी नीतिमान ठरण्यावरील व्याख्याने प्रसिद्ध केली. ग्रंथ जड आहे, पण त्यातला गाभा मी तुम्हाला सांगण्याचा प्रयत्न करतो, कारण त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

मार्टिन ल्यूथर यांचे म्हणणे असे होते, की पापी माणूस आपल्या कोणत्याही कर्माने देवापुढे उभा राहू शकत नाही. केवळ विश्वासाने, ख्रिस्ताकडे पाहून, देव त्याला नीतिमान गणतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये सांगितले, की देव केवळ गणत नाही, तो कृपेने माणसाला आतून खरोखर नवा करतो. तीनशे वर्षे दोन्ही बाजू यावर भांडत होत्या. न्यूमन यांनी विचारले, की देवाचा शब्द आणि आपला शब्द सारखाच असतो का? न्यायाधीशाने निर्दोष म्हटले म्हणून चोर साव होत नाही. पण देवाने प्रकाश व्हावा म्हटले आणि प्रकाश झाला. देव ज्याला नीतिमान म्हणतो तो त्या शब्दानेच नीतिमान होऊ लागतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच गोष्टीचे एकेक टोक धरले होते.

मग माझ्या आत नेमके असते काय? माझा विश्वास? माझी सुधारलेली वागणूक? न्यूमन म्हणतात, या दोन्हींच्या आधी तिथे स्वतः ख्रिस्त असतो, पवित्र आत्म्याच्या द्वारे वस्तीला आलेला. त्यांनी एक संपूर्ण व्याख्यान पुनरुत्थानाला दिले आहे. क्रूसावर तारण मिळवले गेले, पण ते आपल्यापर्यंत पोहोचते ते मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूच्या द्वारे. तो उठला नसता तर त्याचा आत्मा आपल्यात येऊन राहिला नसता. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपले नीतिमान ठरणे प्रभूच्या पुनरुत्थानाशी जोडले आहे. आपण पास्काच्या रात्रीच स्नानसंस्काराचे पाणी का आशीर्वादित करतो, ते आता लक्षात येईल.

त्यांनी एक इशाराही दिला. विश्वासाने तारण होते असे सांगता सांगता काही जण ख्रिस्ताकडे पाहण्याऐवजी आपल्याच विश्वासाची नाडी तपासत बसतात. माझा विश्वास पुरेसा आहे का, तो क्षण खरा होता का, भावना पुरेशी तीव्र होती का? हा आजार केवळ प्रॉटेस्टंटांचा नाही. आपल्यातही किती नोव्हेना झाल्या याचा हिशेब ठेवणारे आहेत. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ल्यूथर यांच्यावर न्यूमन यांनी या ग्रंथात अन्याय केला, त्यांचे लेखन पुरेसे वाचले नाही, असे आजचे काही अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

पुढची कहाणी वेगाने घडते. १८४१ मध्ये त्यांनी एका पुस्तिकेत मांडले, की अँग्लिकन मंडळीची एकोणचाळीस कलमे कॅथलिक अर्थानेही वाचता येतात. गदारोळ झाला, विद्यापीठाने आणि एकामागून एका बिशपने निषेध केला. न्यूमन ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर खेड्यात, पूर्वी तबेला असलेल्या खोल्यांत राहू लागले. २५ सप्टेंबर १८४३ रोजी तिथल्या चर्चमध्ये त्यांनी अँग्लिकन म्हणून शेवटचे प्रवचन दिले. विषय मित्रांच्या ताटातुटीचा होता. लोक उघड रडत होते. त्यानंतरही दोन वर्षे त्यांनी घेतली. घाई केली नाही.

८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्री डोमिनिक बारबेरी नावाचे इटालियन धर्मगुरू पावसात भिजून चिंब होऊन लिटलमोरला पोहोचले. घोडागाडीच्या टपावर बसून ते तासन्‌तास प्रवास करून आले होते. शेतकरी घरातला हा माणूस, इंग्रजी मोडकेतोडके. ते शेकोटीपुढे कपडे वाळवत असताना इंग्लंडमधील सर्वांत विद्वान पाळक आत आला आणि त्यांच्या पायांशी गुडघे टेकून त्याने कॅथलिक ख्रिस्तसभेत घेण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, ते कॅथलिक झाले. याच तारखेला आज त्यांचा सण असतो.

किंमत मोठी होती. नोकरी आणि घर गेले, ऑक्सफर्डही सुटले. फेब्रुवारी १८४६ मध्ये जे सोडले तिथे बत्तीस वर्षे पाऊल टाकले नाही. बहीण हॅरिएटने संबंध तोडले आणि १८५२ मध्ये ती तशीच वारली. शेवटपर्यंत भेट नाही, पत्र नाही. आपल्याकडेही धर्मपंथ बदलला म्हणून भावाच्या लग्नाला न गेलेली माणसे मला ठाऊक आहेत, दोन्ही बाजूंची. न्यूमन यांनी हॅरिएटबद्दल कडू शब्द काढला नाही, पण ती जखम भरलीही नाही.

रोममध्ये १८४७ साली ते कॅथलिक धर्मगुरू झाले आणि संत फिलिप नेरी यांची ओरेटरी त्यांनी इंग्लंडमध्ये आणली. बर्मिंगहॅममधील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर म्हणजे पूर्वीचा दारूचा कारखाना. लोक बहुतेक आयर्लंडमधून पोटासाठी आलेले मजूर. १८४९ मध्ये बिल्स्टन गावात कॉलरा पसरला, तेव्हा न्यूमन आणि त्यांचे सोबती फादर अँब्रोज सेंट जॉन तिथे मदतीला गेले. डब्लिनमध्ये कॅथलिक विद्यापीठ उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अर्धवट राहिला. प्रॉटेस्टंटांना ते गुप्त कॅथलिक वाटत आले होते आणि आता काही कॅथलिकांना ते अर्धे प्रॉटेस्टंट वाटू लागले. रोममध्येही त्यांच्याविषयी संशय होता. १८६४ मध्ये चार्ल्स किंग्जली यांनी त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली, तेव्हा त्यांनी आपल्या श्रद्धेची जीवनकथाच लिहून काढली. ती वाचून विरोधकही त्यांना मान देऊ लागले.

पुढच्याच वर्षी त्यांनी एका मरणाऱ्या म्हाताऱ्यावर, जेरॉन्शियसवर, दीर्घ काव्य लिहिले. मृत्यूनंतर काय, यावर ख्रिस्ती लोकांत मोठा मतभेद आहे. अँग्लिकनांच्या कलमांत शुद्धिस्थानाची शिकवण नाकारलेली आहे. प्रॉटेस्टंटांना वाटते की त्यामुळे ख्रिस्ताचे क्रूसावरील कार्य अपुरे ठरते. आपल्यातल्या पुष्कळांना शुद्धिस्थान म्हणजे छोटा नरक वाटतो. न्यूमन यांच्या काव्यात तो आत्मा प्रभूला क्षणभर पाहतो, आणि त्या प्रेमापुढे आपण किती मळलेले आहोत हे उमजून स्वतःच शुद्ध व्हायला जायचे म्हणतो. देवदूत त्याला आई तान्ह्याला न्हाऊ घालते तसा हळुवार पाण्यात सोडतो. एल्गर यांनी १९०० मध्ये त्याला संगीत दिले. १९०२ मध्ये वूस्टरच्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये ते गाताना काही शब्द वगळावे लागले, इतका तो विषय नाजूक होता.

त्याच १८६५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूमन जुने मित्र केबल यांच्या दारात जाऊन उभे राहिले. वीस वर्षांनी भेटत होते. दोघांनीही एकमेकांना ओळखले नाही! योगायोगाने प्यूसीही तिथे आलेले होते. तिघे म्हातारे एकत्र जेवले. कोणी कोणाला बदलले नाही. सहा महिन्यांनी केबल वारले.

१८७४ मध्ये न्यूमन यांनी १८३८ ची ती व्याख्याने पुन्हा छापली, कॅथलिक धर्मगुरू म्हणून, काही टिपांची भर घालून पण मजकुरात फारसा फेरफार न करता. १८७९ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना कार्डिनल केले आणि संशयाचे ढग विरले. १८८७ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, एका इव्हँजेलिकल गृहस्थाला पाठवलेल्या पत्रात त्यांनी कळवले, की लहानपणी इव्हँजेलिकल शिक्षकांकडून मिळालेली महान सत्ये कॅथलिक ख्रिस्तसभेने आपल्या हृदयावर अधिकच खोल उमटवली. ज्यांना सोडून आलो त्यांच्याकडून काय मिळाले हे शेवटच्या वर्षांत कबूल करणारी माणसे थोडी असतात. ११ ऑगस्ट १८९० रोजी ते प्रभूकडे गेले.

नीतिमान ठरण्याच्या शिकवणुकीवर लुथरन आणि कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण त्या मुद्द्यावरून एकमेकांना दिलेले जुने शाप आजच्या शिकवणुकीला लागू नाहीत असे दोघांनी मान्य केले. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. न्यूमन यांना १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत घोषित केले, आपल्या केरळच्या मदर मरियम थ्रेसिया यांच्याबरोबर एकाच मिस्सात. त्या मिस्साला इंग्लंडचे युवराज चार्ल्स हजर होते. आज ते राजे आणि अँग्लिकन मंडळीचे सर्वोच्च शासक आहेत. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून जाहीर केले.

यापूर्वीची एक घटना सांगायची राहिली. संतपदाच्या तयारीसाठी २ ऑक्टोबर २००८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या रेडनल येथील त्यांची कबर उघडली. अवशेष काढून शहरातील चर्चमध्ये भाविकांना दर्शनासाठी ठेवायचे ठरले होते. न्यूमन यांनी आपल्याला फादर अँब्रोज यांच्याच कबरीत पुरावे अशी इच्छा लिहून ठेवली होती, आणि तसेच झाले होते. जमीन ओलसर, पेटी लाकडाची. काळजीपूर्वक खणत गेल्यावर हाती आली ती नाव कोरलेली पितळी पाटी आणि कार्डिनलच्या टोपीच्या गोंड्यांचे काही धागे. हाड एकही नव्हते. वर्तमानपत्रांना मोठी बातमी मिळाली, काही भाविक हिरमुसले. आपण दर रविवारी मिस्सात उभे राहून शरीराच्या पुनरुत्थानावर श्रद्धा आहे असे म्हणतो, तेव्हा हाडे शिल्लक राहिली पाहिजेत अशी अट कोणी घातलेली नाही. रेडनलच्या त्या मातीत दोघे मित्र एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि प्रभू हाक मारील तेव्हा कोणाची माती कोणती हे त्याला ठाऊक असेल.

तो तरुण या रविवारी आला, तर हे पान त्याने दोन प्रती घेऊन जावे. एक डब्यासोबत ऑफिसात न्यायला.